लूसी झाडावर चढायची का?

१९३२ साली येल विद्यापीठाचा एडवर्ड लुईस नावाचा तरुण संशोधक हिमाचलातल्या हरितल्यांगरच्या टेकड्यांमध्ये जीवाश्म शोधत हिंडत होता. त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, त्यात थोडे दात. प्राण्याचं नाव त्यानं ठेवलं रामापिथेकस. पुढची पंचवीस-तीस वर्षं या तुकड्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. १९६०च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी तो पुन्हा तपासला आणि माणसाचा सर्वांत जुना पूर्वज म्हणून त्याला मानाचं पान वाढलं. तर्क असा होता: सुळे लहान दिसतात, म्हणजे फाडायला नि धमकवायला दातांची गरज नसणार, म्हणजे ते काम हत्यारं करत असणार, हत्यार धरायचं तर हात मोकळे हवेत, आणि हात मोकळे म्हणजे प्राणी दोन पायांवर चालणारा. एका जबड्यावरून गडी थेट उभा राहिला. त्याच्या पायाचं एकही हाड तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

हे सगळं कोसळलं ते पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर. पिलबीमच्याच चमूला तिथे शिवापिथेकस या कपीचा जवळजवळ अख्खा चेहरा मिळाला आणि तो हुबेहूब ओरांगउटानच्या वळणाचा निघाला. रामापिथेकस म्हणजे वेगळं कुणी नव्हतंच, शिवापिथेकसच होता. माणसाचा पूर्वज गेला, पण ओरांगउटानचा तरी सापडला, असं म्हणून लोकांनी समाधान करून घेतलं. तेही टिकलं नाही. १९९० साली त्याच पठारावरची दंडाची हाडं प्रसिद्ध झाली. झाडाला लोंबकळणाऱ्या ओरांगउटानचा दंड सरळ असतो. शिवापिथेकसचा दंड वरच्या भागात वाकडा आणि चपटा होता, फांद्यांवरून चारही पायांनी चालणाऱ्या माकडांचा असतो तसा. चेहरा सांगत होता एक आणि दंड सांगत होता दुसरंच. हा निकाल पिलबीमनीच प्रसिद्ध केला. आपलीच मतं दोनदा खोडायची तयारी असलेले संशोधक विरळा, एवढं इथे नोंदवून पुढे जाऊ.

दात अन्नाबद्दल बोलतात, कवटी मेंदूबद्दल. प्राणी इकडून तिकडे कसा जात होता हे विचारायचं तर हातापायांच्या हाडांकडेच जावं लागतं. पण तिथेही एक गोम आहे. हाडाचा काही भाग वाडवडिलांकडून आलेला असतो आणि काही भाग त्या प्राण्यानं स्वतः जगून कमावलेला असतो. पहिल्यावरून कळतं की हा प्राणी काय करू शकला असता. दुसऱ्यावरून कळतं की त्यानं प्रत्यक्षात काय केलं. गेली चाळीसेक वर्षं या विषयातली बहुतेक भांडणं या दोहोंची सरमिसळ झाल्यानं झाली आहेत.

आधी वारशाचा भाग पाहू, कारण तो नुसत्या मोजपट्टीनं कळतो. दंड आणि कोपरापुढचा हात यांच्या हाडांची लांबी घ्यायची, तिला मांडी आणि नडगी यांच्या लांबीनं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. माणसात हा आकडा सत्तरच्या आसपास येतो, म्हणजे पाय हातांपेक्षा बरेच लांब. चिंपांझीत साधारण १०६, गोरिलात ११६ आणि ओरांगउटानमध्ये १४०च्या घरात. आसामातला हुलॉक हा भारताच्या जंगलात राहणारा एकमेव कपी, गिबनच्या कुळातला. फांदीवरून फांदीवर हातांनीच झोके घेत जाणाऱ्या या कुळाचा आकडाही शंभराच्या बराच वर असतो.

यामागचं कारण सरळ आहे. जाड बुंध्यावर चढणाऱ्या वजनदार प्राण्याला बुंधा कवेत घ्यायला लांब हात हवेत आणि शरीर झाडाला चिकटून राहावं म्हणून पाय आखूड हवेत. जमिनीवर लांबचा पल्ला चालणाऱ्याला नेमकं उलटं लागतं: पाय लांब असले की पाऊल मोठं पडतं आणि तेवढंच अंतर कमी शक्तीत कापलं जातं. हातांची लांबी तिथे निव्वळ ओझं.

लांबीच्या जोडीला आणखी खुणा असतात. झाडावर राहणाऱ्यांच्या बोटांची पेरं कमानीसारखी वाकलेली असतात. चढणाऱ्याच्या खांद्याची खोबण वरच्या दिशेला तोंड करून असते, आपली बाजूला वळलेली असते. पायाचा अंगठा चिंपांझीत हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकतो, आपला बाकीच्या बोटांच्या रांगेत येऊन बसला आहे. यादी आणखी लांबवता येईल, पण एका सांध्यापाशी थांबायला हवं, कारण तो या सगळ्यांत वेगळा आहे.

१९७३च्या नोव्हेंबरात इथिओपियातल्या हदार इथे जीवाश्म शोधणारा डोनाल्ड जोहान्सन वाळूतून डोकावणाऱ्या एका हाडाला सहज पाय लावतो. त्याला ती पाणघोड्याची बरगडी वाटली होती. निघालं नडगीचं वरचं टोक. थोड्या अंतरावर मांडीच्या हाडाचं खालचं टोक पडलेलं होतं. दोन्ही जुळवली तर गुडघा झाला, आणि मांडीचं हाड नडगीवर सरळ न बसता तिरकं बसत होतं. चिंपांझीत ही दोन हाडं जवळजवळ एका रेषेत असतात. माणसात मांडीचं हाड खुब्याकडून गुडघ्याकडे आतल्या बाजूला कलतं. प्रौढ माणसात हा कल साधारण आठ ते अकरा अंशांचा भरतो. खुबे एकमेकांपासून लांब, पण गुडघे जवळजवळ. त्यामुळे एक पाय उचलला तरी दुसरा थेट शरीराच्या भाराखाली येतो आणि आपण तोल न जाता पुढे सरकतो. चिंपांझीला दोन पायांवर चालवलं की तो प्रत्येक पावलाला अख्खं अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवत चालतो, ते हा कोन नसल्यामुळे.

जोहान्सनला खात्री करायची होती आणि तुलनेला माणसाचं हाड जवळ नव्हतं. तेव्हा त्यानं छावणीजवळच्या अफार लोकांच्या एका ढासळलेल्या दफनातून मांडीचं हाड उचललं. हे त्यानंच आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आज कुणी असं केलं तर त्याला परत त्या देशात पाऊल ठेवू देणार नाहीत, आणि तेव्हाही ते बरोबर नव्हतंच. पण उत्तर मिळालं: सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीच्या त्या गुडघ्याचा कोन माणसाइतका, किंबहुना थोडा जास्तच होता.

आता हा कोन वेगळा का ते पाहा. जन्मलेल्या बाळाच्या मांडीत तो नसतो. मूल उभं राहू लागलं, चालू लागलं की गुडघ्याजवळच्या वाढीच्या भागावर एका बाजूनं जास्त दाब येतो, हाड त्या बाजूला कमीजास्त वाढतं आणि पुढच्या काही वर्षांत हळूहळू कोन तयार होतो. काही आजारामुळे जी मुलं कधी चालूच शकली नाहीत, त्यांच्यात तो तयार होत नाही. म्हणजे हदारच्या त्या गुडघ्यावरून ‘हा प्राणी चालू शकला असता’ एवढंच सिद्ध होत नाही. तो लहानपणापासून चालत होता, हे सिद्ध होतं. जीवाश्मांच्या धंद्यात इतका पक्का पुरावा क्वचित हाती लागतो.

पुढच्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९७४ला, त्याच हदारमध्ये लूसी सापडली: ३२ लाख वर्षं जुनी, उंचीनं साडेतीन फुटांच्या आसपास आणि सुमारे चाळीस टक्के सांगाडा शाबूत. तिच्या जातीला नाव मिळालं ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस. कमरेची हाडं आखूड नि पसरट, माणसाच्या वळणाची. गुडघा तिरका. १९७८ साली टांझानियातल्या लाएतोलीला मेरी लीकी यांच्या चमूनं ज्वालामुखीच्या राखेत उमटलेल्या दोनपायी प्राण्यांच्या पावलांच्या ओळी उघड्या केल्या, त्या लूसीपेक्षाही जुन्या, ३६ लाख वर्षांपूर्वीच्या. लूसीची जात दोन पायांवर चालत होती यात वाद उरला नाही.

वाद उरला तो वरच्या अर्ध्या शरीराचा. लूसीच्या दंडाची लांबी मांडीच्या सुमारे ८५ टक्के भरते. माणसात ती सत्तर-बहात्तर टक्के असते आणि चिंपांझीत जवळजवळ शंभर. लूसीचे हात काही फार लांब नाहीत, ठेंगण्या माणसाला शोभतील एवढेच. आखूड आहेत ते पाय. तिच्या जातीच्या बोटांची पेरं वाकडी आहेत, खांद्याची खोबण वर वळलेली आहे. १९८३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या जॅक स्टर्न आणि रँडल ससमन यांनी या सगळ्या खुणा एकत्र मांडून म्हटलं, ही मंडळी जमिनीवर चालत होती पण झाडांवरही बराच वेळ काढत होती, निदान झोपायला आणि फळं काढायला. ओहायोतले ओवेन लव्हजॉय यांना हे अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पायाचा अंगठा पकडीचा राहिला नाही तिथे झाडावरच्या जगण्याची किंमत फार वाढते. वाकडी बोटं हा जुन्या काळाचा उरलेला अवशेष आहे, तो निरुपयोगी झाला तरी लगेच नाहीसा होत नाही. आपल्यालाही माकडहाड आहे, शेपूट नाही.

दोन्ही बाजूंना त्याच हाडांचे दाखले आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी तर्कशुद्ध. लांबी, वाकडेपणा, खोबणीची दिशा, ही मापं कितीही वेळा घेतली तरी निकाल लागणार नव्हता, कारण वारसा कुठे संपतो आणि वापर कुठे सुरू होतो हे ती मापं सांगतच नाहीत. हवी होती अशी खूण जी फक्त वापरानं बदलते.

अशी खूण हाडाच्या आत असते, आणि तिची कहाणी एका अभियंत्यापाशी सुरू होते. १८६६च्या सुमाराला झुरिकमध्ये हेर्मान फोन मायर हे शरीररचनेचे प्राध्यापक मांडीच्या हाडाचं वरचं टोक उभं कापून त्यातली जाळी दाखवत होते. खुब्याच्या गोळ्यात हाड भरीव नसतं, आत बारीक पट्ट्यांची जाळी असते, आणि त्या पट्ट्या कशाही पसरलेल्या नसून ठरावीक वळणांनी गेलेल्या असतात. तिथे कार्ल कुलमान हे स्थापत्य अभियंते होते. त्यांना त्या वळणांत यारीच्या वाकड्या खांबावर भार टाकला की ताण आणि दाबाच्या ज्या रेषा पडतात, त्याच दिसल्या. पुढे बर्लिनचे शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी यावर आयुष्य घालवलं आणि १८९२ साली नियमच मांडला: हाडावर जसा भार येतो तसं हाड स्वतःला घडवतं. नियमाच्या गणिती काटेकोरपणावर नंतर बरीच टीका झाली, गाभा मात्र टिकला. भार पडेल तिथे हाड भर घालतं, भार नसेल तिथून काढून घेतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला टक्का-दीड टक्क्यानं झिजतं ते याच हिशेबानं.

लांब हाडांच्या मधल्या दांड्याचंही तसंच. तो पोकळ असतो, आणि त्याची मजबुती नुसती त्यात माल किती यावर नव्हे तर तो माल मध्यापासून किती दूर आणि कोणत्या दिशेला आहे यावर ठरते. तेवढ्याच वजनाचा भरीव दांडका वाकेल तिथे कळक वाकत नाही, कारण त्याचा सगळा माल कडेला आहे. म्हणून संशोधक हाडाचा मधोमध आडवा छेद घेतात, भिंतीची जाडी आणि छेदाचा आकार मोजतात आणि हे हाड किती वाकवणं सोसू शकलं असतं हे काढतात. पूर्वी त्यासाठी हाड करवतीनं कापावं लागायचं. तीस लाख वर्षांचं हाड कुणी कापू देत नाही. सीटी स्कॅन आलं आणि ही अडचण संपली.

वापरानं हाड किती बदलतं? १९७७ सालच्या एका अभ्यासात व्यावसायिक टेनिसपटूंचे दोन्ही दंड तपासले. पुरुषांच्या खेळत्या हातात हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड निघाली, स्त्रियांच्या २८ टक्के. माणूस तोच, आहार तोच, आईबाप तेच. फरक फक्त रॅकेटचा. केंब्रिजमध्ये कॉलिन शॉ आणि जे स्टॉक यांनी क्रिकेटपटू, जलतरणपटू, धावपटू आणि हॉकीपटू घेतले. क्रिकेटपटूचा चेंडू फेकणारा दंड दुसऱ्याहून ठळकपणे मजबूत असतो, पोहणाऱ्याचे दोन्ही सारखेच. लांब पल्ल्याच्या धावपटूची नडगी छेदात पुढून मागे लांबट दिसते, कारण भार सतत त्याच दिशेनं. हॉकीपटू सारखा वळतो, थांबतो, बाजूला झेपावतो, त्याची नडगी चारही बाजूंनी भरते. म्हणजे नुसतं किती नव्हे, कसं हेही हाडात उमटतं.

याच केंब्रिज परंपरेतलं २०१७चं एक काम मला या विषयातलं सगळ्यात आवडतं. ॲलिसन मॅकिन्टॉश आणि सहकाऱ्यांनी मध्य युरोपातल्या सात हजार वर्षांपूर्वीच्या, नुकत्या शेतीला लागलेल्या बायकांचे दंड आजच्या केंब्रिजच्या स्त्री नौकापटूंशी ताडून पाहिले. या नौकापटू म्हणजे दिवसातून दोनदा सराव करणाऱ्या धडधाकट पोरी. तरीही शेतकरणींचे दंड शरीराच्या मानानं ११ ते १६ टक्के जास्त मजबूत निघाले. नांगर नसलेल्या काळातलं मशागतीचं काम आणि त्यावर दगडावर दगड घासून रोजचं दळण. त्याआधी या बायकांची हाडं पुरुषांच्या हाडांशी तुलून ‘बेताचीच कामं करत असाव्यात’ असा निष्कर्ष काढला जायचा. पुरुषांची हाडं भाराला जास्त ठळक प्रतिसाद देतात, म्हणून ती तुलनाच चुकीची होती. तागडीत दुसऱ्या बाजूला काय ठेवता यावर अर्धा निकाल ठरतो.

तर आता लूसीसाठी तागडीत काय ठेवायचं? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ख्रिस्टोफर रफ यांनी ठेवला तिचाच पाय. एकाच प्राण्याचा दंड आणि मांडी घ्या. दोघांना अन्न सारखं मिळालं, संप्रेरकं सारखी मिळाली, वय सारखं. दंडाच्या मजबुतीला मांडीच्या मजबुतीनं भागलं की बाकीचं सगळं बऱ्याच अंशी वजा होतं आणि उरतं हातांनी किती भार उचलला नि पायांनी किती, हे गुणोत्तर. कल्पना देखणी आहे, पण ती खरंच चालते का हे तपासायला असा प्राणी हवा जो वयाच्या एका टप्प्यावर झाडावरून जमिनीवर येतो आणि ज्याचं आयुष्य कुणीतरी टिपून ठेवलेलं आहे.

असा प्राणी आहे: पर्वतीय गोरिला. रवांडाच्या बाजूच्या विरुंगा डोंगरांत १९६७ साली डायन फॉसी यांनी संशोधन केंद्र उघडलं, तेव्हापासून तिथल्या गोरिलांवर पिढ्यान् पिढ्या नजर आहे. मेलेल्या गोरिलांना पुरलं जातं आणि पुढे त्यांचे सांगाडे काढून अभ्यासाला ठेवले जातात. या प्रौढ गोरिलांइतके जमिनीवर राहणारे दुसरे कपी नाहीत. त्यांची पिल्लं मात्र सदानकदा वेलींवर, फांद्यांवर, आयांच्या पाठींवर. रफ, शॅनन मॅकफार्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीस गोरिलांच्या हाडांचे छेद तपासले आणि २०१३ साली निकाल मांडला. तान्ह्या गोरिलांचे हात पायांच्या मानानं बरेच दणकट असतात, सखल जंगलातल्या, झाडावर जास्त चढणाऱ्या प्रौढ गोरिलांइतके. दोन वर्षांच्या आसपास हे गुणोत्तर झटकन बदलतं, आणि दोन वर्षं हेच ते वय जेव्हा पिल्लू कायमचं जमिनीवर चार पायांनी चालू लागतं. आणि खरी मेख पुढे आहे: हातापायांच्या लांबीच्या प्रमाणात मात्र असा काही बदल दिसत नाही. लांबी वारशाला धरून राहते, मजबुती वापराबरोबर सरकते. माणसाच्या मुलांतही रफ यांना हेच आढळलं होतं. मूल रांगायचं सोडून चालायला लागलं की मांडीचं हाड दंडाला झपाट्यानं मागे टाकतं, ते मजबुतीत.

इतकी तयारी झाल्यावर लूसीकडे यायला हरकत नव्हती. तिचा सांगाडा २००७पासून अमेरिकेत प्रदर्शनासाठी फिरत होता. इतका अनमोल ठेवा असा फिरवू नये अशी तक्रार तेव्हा अनेक संशोधकांनी केली होती आणि ती वावगी म्हणता येणार नाही. पण त्याच फेरीत, २००८ साली, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात तिच्या हाडांचं बारकाईनं सीटी स्कॅन झालं, ३५ हजारांहून जास्त छेद. त्यावर आधारलेला रफ आणि सहकाऱ्यांचा लेख २०१६च्या शेवटी आला. लूसीचं दंड-मांडी गुणोत्तर ना माणसाचं, ना चिंपांझीचं, दोघांच्या मधलं. तिचे हात आजच्या कुठल्याही माणसापेक्षा पायांच्या तुलनेत जास्त भार उचलत होते आणि हे तिनं स्वतःच्या आयुष्यात कमावलेलं होतं.

लव्हजॉय यांच्या बाजूनं अजूनही एक प्रश्न विचारता येतो आणि तो रास्त आहे. हात मजबूत झाले ते चढूनच कशावरून? ती खणत असेल, दगडानं कंदमुळं ठेचत असेल, पोर वागवत असेल. गुणोत्तर काम किती केलं ते सांगतं, कामाचं नाव सांगत नाही. माझ्या मते इथे एकट्या छेदावर विसंबू नये. तो वाकड्या पेरांच्या, वर वळलेल्या खांद्याच्या आणि आखूड पायांच्या सोबत ठेवावा. तेव्हा चढण्याचं पारडं जड होतं. त्यात लूसीच्याच जातीचं, सुमारे तीन वर्षांचं एक मूल इथिओपियातल्या दिकिका इथे मिळालं आहे, ३३ लाख वर्षांपूर्वीचं. त्याच्या पावलाच्या हाडांवर २०१८ साली लेख आला: पाऊल चालण्याचं आहे, पण अंगठ्याच्या मुळाशी प्रौढांपेक्षा जास्त हालचालीची सोय आहे, आईला धरून राहायला किंवा फांदी पकडायला पुरेशी. गोरिलाची पिल्लं आठवली की यात नवल वाटत नाही.

(लूसी झाडावरून पडूनच मेली, असा दावाही २०१६मध्ये जॉन कॅपलमन यांनी तिच्या हाडांच्या मोडीवरून केला. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. जोहान्सन आणि टिम व्हाइट यांनी तो झिडकारला, कारण तशा मोडी त्याच थरांत हरणांच्या आणि हत्तींच्या हाडांतही असतात, आणि हत्ती झाडावर चढत नाहीत.)

यापुढे चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. टांझानियातल्या ओल्डुवाईला १९८६ साली मिळालेला होमो हॅबिलिसचा मोडकातोडका सांगाडा लूसीहून जवळजवळ चौदा लाख वर्षांनी अलीकडचा, नावानं आपल्याच प्रजातीकुळातला. हाडांची टोकं गेल्यानं त्याची लांबी अंदाजानंच काढावी लागते आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. मजबुती काढायला मात्र मधला दांडा पुरतो. ती काढल्यावर गुणोत्तर चिंपांझीच्या बाजूला गेलं. उलट केनियात कमोया किमेऊ यांना १९८४ साली सापडलेला तुर्काना सरोवराकाठचा मुलगा, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा, लांब पायांचा, हातापायांच्या बाबतीत माणसासारखा. आपल्या वंशात पूर्णपणे जमिनीवर आलेला पहिला प्राणी कोण, याचं आजचं सर्वांत भक्कम उत्तर त्याची जात, होमो इरेक्टस, हेच आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या स्टर्कफाँटेनच्या गुहेनं तर क्रमच बिघडवला. लिओनी जॉर्जिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२० साली तिथल्या दोन मांड्यांच्या गोळ्यांतली जाळी तपासली. कपी चढताना मांडी पोटाकडे खूप दुमडतो, तेव्हा गोळ्याच्या वेगळ्या भागावर दाब येतो. म्हणून कपींच्या गोळ्यात जाळी दोन ठिकाणी दाट असते, माणसात एकाच ठिकाणी. दोन हाडांपैकी जुन्यात जाळी माणसासारखी निघाली. नंतरच्या हाडात दोन्ही पट्टे होते. म्हणजे नंतरचा प्राणी नियमितपणे झाडावर चढत होता, आधीचा बहुधा नव्हता. झाडावरून जमिनीवर उतरण्याची सरळ शिडी पाठ्यपुस्तकात बरी दिसते, पण आफ्रिकेत एकाच काळात दोन पायांवर चालण्याचे वेगवेगळे प्रकार आजमावले जात होते आणि काही मंडळी उतरून पुन्हा चढत होती.

सगळ्यात जुना वाद सध्या चाडच्या वाळवंटातल्या एका हाडावर आहे. २००१ साली मिशेल ब्रुने यांच्या चमूला तिथे सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची कवटी मिळाली, साहेलान्थ्रोपस, लाडकं नाव तुमाई. त्याच वेळी त्याच जागी मांडीचं एक हाड आणि कोपरापुढच्या हाताची दोन हाडं मिळाली होती, पण मांडी जनावरांच्या हाडांत पडून राहिली आणि २००४ साली फ्रान्समधल्या प्वातियेला एका विद्यार्थिनीच्या नजरेला पडली. त्यानंतर सोळा वर्षं तिच्यावर काहीच छापून आलं नाही, याबद्दल या क्षेत्रातले लोक अजून एकमेकांना टोमणे मारतात. २०२० साली रोबेर्तो माकियारेल्ली आणि त्या विद्यार्थिनीसह इतरांनी लिहिलं की हे हाड वाकडं आहे, कपीसारखं, दोन पायांचं नाही. २०२२ साली ब्रुने यांच्या बाजूच्या गटानं लिहिलं की भिंतीची जाडी आणि खुब्याच्या मानेखालची आतली एक उभी हाडपट्टी चालणाऱ्याची आहे. हातांची हाडं मात्र चढणाऱ्याची. विरोधकांचं उत्तर असं की तशी पट्टी कपींतही सापडते. हाडाची दोन्ही टोकं मोडलेली आहेत. खुब्याचा गोळा नाही, म्हणून आतली जाळी नाही, आणि गुडघा नाही, म्हणून कोन नाही. दंडाचं हाडही मिळालेलं नसल्यानं रफ यांचं गुणोत्तरही मांडता येत नाही.